बल्ब, नर आणि फ्रिजचा दरवाजा

पत्र :

काका, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी बचत गटातून कर्ज काढून मी बटेर पाळायला लागले. तेव्हा ६० पिल्लं विकत आणली, पुढची सगळी घरच्याच अंड्यांतून वाढवली. आज ११८ माद्या आणि २२ नर आहेत. गणपतीपर्यंत रोज ९० च्या आसपास अंडी निघायची. दिवाळीनंतर उतरत उतरत आता ४५ ते ५० वर आलीत. गेल्या हिवाळ्यात असं झालं नव्हतं. उबवणीचं तर त्याहून वाईट. मशिनमध्ये १२० अंडी ठेवते, मागच्या खेपेला ४४ पिल्लं निघाली, यावेळी ३७.

खाद्य कोंबडीचं लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) देते. परवडत नाही म्हणून चार पाट्यांना एक पाटी ज्वारीची कणी मिसळते. उबवायची अंडी फ्रिजच्या दरवाज्यात ठेवते, मशिन भरायला पंधरा दिवस लागतात. यंदा पिल्लांना वेगळी खोली केली, पडवीत आता फक्त मोठी पाखरं आहेत. अंडी रोज सकाळी झाडलोट करताना गोळा करते. दुकानदाराने कॅल्शियम आणि एक टॉनिक दिलं, महिना झाला, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात नजर लागली. धाकटे दीर म्हणतात पाखरांचं रक्त जुनं झालं, शिवारातली लाव्हरी (रानातला बटेर) धरून आणू आणि नर म्हणून सोडू. काय करू?

– एक भगिनी, माण तालुका, जि. सातारा

उत्तर :

ताई, आधी ती टॉनिकची बाटली फळीवर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. महिनाभर देऊन काही झालं नाही, याचा अर्थ उणीव बाटलीतल्या गोष्टीची नव्हती. पत्र तुम्ही फार छान लिहिलंय. अशी आकडेवारी पाठवणारे वाचक मला क्वचित भेटतात. म्हणूनच तुमच्या पाखरांना न बघताही बरंच सांगता येईल.

तुमच्या एका पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. अंडी कमी झाली हे एक, आणि असलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत हे दुसरं. लोक दोन्हीवर एकच औषध शोधतात आणि मग दोन्हीकडून फसतात. मादीला अंडं घालायला नर लागतच नाही. तेव्हा अंड्यांचा आकडा उतरला तर दोष उजेडात, खाद्यात किंवा वयात बघायचा. अंडं रिकामं निघालं तर नराकडे बघायचं. अंड्यात जीव धरला आणि मग मेला, तर तुमच्या फ्रिजकडे, मशिनकडे आणि पाखरांच्या नात्यागोत्याकडे.

पहिलं दुखणं घेऊ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : यंदा पिल्लांना वेगळी खोली केली. गेल्या वर्षी पिल्लांची उबेची पेटी, तिच्यातल्या रात्रभर जळणाऱ्या बल्बासकट, त्याच पडवीत होती ना? मग गेल्या हिवाळ्यात तुमची मोठी पाखरं फुकटच्या उजेडात अंडी घालत होती. यंदा तुम्ही चांगल्या हेतूने पेटी हलवली आणि तिच्याबरोबर उजेडही गेला. नजर बिजर काही नाही. बल्ब गेला.

सध्या तुमच्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस ११ तासांचा. बटेराला भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. आणि हे फक्त थंडीचं रडगाणं नाही. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांचा असतो. आपण पाळतो तो बटेर जपानी. त्याचे पूर्वज उत्तरेकडच्या मुलखातले, जिथे उन्हाळ्यात दिवस लांबलचक होतो आणि तोच त्यांचा विणीचा हंगाम. दिवस लांबला की शरीर म्हणतं, आता घरटं. दिवस आखडला की अंडाशय मिटायला लागतो. गंमत अशी की हा पक्षी उजेड नुसता डोळ्यांनी ओळखत नाही. कवटीतून झिरपणारा उजेड त्याच्या मेंदूत खोलवर थेट टिपला जातो. म्हणून महाराष्ट्रात बटेर पाळायचा तर बल्ब बारा महिने हवा, आणि डिसेंबर-जानेवारीत तर सर्वांत जास्त.

करायचं असं. पहाटे पाचला दिवा लागला पाहिजे आणि रात्री नवाला बंद झाला पाहिजे. मधे सूर्य असेल तेव्हा बंद ठेवा. एका दिवसात पाच तास वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी तासभर वाढवा. झगझगाट नको. पिंजऱ्याच्या तोंडाशी वर्तमानपत्र धरलं तर अक्षर लागलं पाहिजे, एवढाच उजेड पुरे. पण तो सगळ्या मजल्यांवर पोचायला हवा. पिंजरे एकावर एक असतील तर वरचा मजला उजळतो आणि खालच्या मजल्यावर अंधार राहतो. मग खालच्या माद्या अंडी का घालत नाहीत याचं कोडं पडतं. एक बल्ब वर लावण्यापेक्षा दोन लहान एलईडी बाजूच्या भिंतीला, मधल्या उंचीवर लावा. आणि महिन्यातून एकदा बल्ब पुसा. पडवीतल्या बल्बावर धूळ आणि जळमटं मिळून उजेड कधी निम्मा होतो, ते कळतही नाही.

वेळ चुकता कामा नये. आज नऊला बंद, उद्या साडेसातला, परवा कुणी लावायचाच विसरला, असं झालं तर १६ तास कागदावरच राहतात. स्वस्तातला टायमर मिळतो, तो बसवा. आणि तुमच्याकडे वीज कधी जाते-येते हे मला सांगायला नको. चार्ज होणारा एखादा दिवा पडवीत टांगून ठेवा, संध्याकाळी लाइट गेली तर तेवढ्याने भागतं. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतील. चौथ्या दिवशी अंडी मोजून मला नाराजीचं पत्र लिहू नका.

अंडी सकाळी गोळा करता म्हणता. कोंबडी सकाळी अंडं घालते, बटेर दुपारनंतर. बरीचशी अंडी तीन ते सहाच्या दरम्यान येतात, थोडी अंधार पडल्यावर. म्हणजे तुमची अंडी रात्रभर पाखरांच्या पायाखाली आणि विष्ठेत पडून असतात. कवच मुळात पातळ, त्याला बारीक तडा गेला तर तुम्हाला दिसणारही नाही, पण मशिनमध्ये ते अंडं आतून वाळून जाईल. दिवेलागणीला एक फेरी मारा, सकाळी उरलेली उचला. आणि दुपारी तीन ते सहा पडवीत ठोकाठोकी, पाहुणे, पोरांचा गोंधळ नको.

आता खाद्य. कोंबडीच्या लेअर खाद्यात प्रथिनं साधारण १६ ते १८ टक्के असतात. अंड्यावरच्या बटेराला २० टक्के लागतात. हिशेब बघा : दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची मादी रोज १० ते १२ ग्रॅमचं अंडं घालते. आपल्या वजनाच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढं, रोज. कोंबडीला हे जमणार नाही. आणि तुम्ही त्या खाद्यात कणी मिसळून प्रथिनं आणखी खाली, साडेपंधरा टक्क्यांवर आणलीत. कणी वाईट नाही, पण ती पोट भरते, अंडं भरत नाही. पैसे वाचले असं वाटतं खरं. मोजून पाहा : एक मादी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खाते, मग अंडं घालो न घालो. दहा माद्यांनी आठ अंडी दिली तर एका अंड्यामागे साधारण ३५ ग्रॅम खाद्य पडलं. दहांनी चारच दिली तर ७० ग्रॅम. कणीने वाचवलं त्याच्या कितीतरी पट असं गळून गेलं.

कणी बंद करा. नऊ किलो लेअर खाद्यात एक किलो सोयाबीन पेंड मिसळा. पेंडीत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे मिश्रण २० च्या जवळ जातं. पेंड म्हणजे तेल काढलेली, कारखान्यातून तापून आलेली. घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालू नका, कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. सरकी पेंड तर अजिबात नको, तिच्यातला गॉसिपॉल नावाचा पदार्थ नरांचं बीज बिघडवतो. शेंगदाणा पेंडीचा मोह होईल, पण तिला बुरशी फार लवकर धरते आणि बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. मक्याचंही तेच, विशेषतः पावसाळ्यानंतर. पोत्यात हात घालून वास घ्या. कुबट आला तर ते पोतं पाखरांचं नव्हे.

कॅल्शियमबद्दल दुकानदाराने तुम्हाला उगाच खर्चात पाडलं. बटेराला अडीच ते तीन टक्के लागतं, कोंबडीच्या लेअर खाद्यात ते आधीच साडेतीनच्या पुढे असतं. वरून औषध ओतून पाखराची भूकच मरते. अंड्याचं कवच मऊ येत असतं तर मी वेगळं काही म्हटलं असतं. तशी तक्रार तुम्ही केलेली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, हिचा संबंध दुसऱ्या दुखण्याशीही आहे. बाजारातलं लेअर खाद्य खायच्या अंड्यांसाठी बनवलेलं असतं. त्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडाच नसतो, पिल्लाचा प्रश्न येत नाही. म्हणून त्यात ई जीवनसत्त्व, सेलेनियम, ब गटातली जीवनसत्त्वं ही बेताची असतात. मादी अशा खाद्यावर अंडी छान घालते, पण अंड्यातल्या जीवाला शिदोरी कमी पडते. ज्या पाखरांची अंडी उबवायची आहेत तेवढ्यांसाठी ब्रीडर प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वांची पूड) विचारा, तालुक्याच्या दुकानात नसेल तर मागवून देतात. जोडीला रोज मूठभर चिरलेला लसूणघास किंवा शेवग्याचा पाला द्या. हे माझं घरगुती मत आहे, पण माझ्या पाखरांना ते मानवलं.

दुसऱ्या दुखण्याला हात घालण्याआधी एक काम करा. आज संध्याकाळी आलेल्या ताज्या अंड्यांपैकी दहा अंडी उचला आणि एकेक करून पांढऱ्या बशीत फोडा. बलकावर एक फिकट ठिपका शोधा, तो खाली गेला असेल तर बलक चमच्याने हलकेच फिरवा. ठिपका बारीक, गच्च पांढरा, वेडावाकडा असेल तर अंडं रिकामं. तो गोल, जरा मोठा आणि बांगडीसारखा, म्हणजे कडेला पांढरी रिंग आणि आत फिकट, असा असेल तर फळलेलं. पहिल्या दोन-तीन अंड्यांत गोंधळ उडेल, नंतर डोळा बसतो. दहांपैकी किती फळली ते वहीत लिहा आणि अंड्यांचं ऑम्लेट करून खा. नुकसान शून्य. गेल्या महिन्याभरात टॉनिकवर जेवढं घातलंत त्यात हे शंभरदा झालं असतं.

मग मशिनमधली अंडी. बटेराची पिल्लं १७ व्या-१८ व्या दिवशी निघतात. १९ व्या दिवशी न फुटलेली अंडी फेकू नका. पडवीपासून लांब, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फोडा (हे मी अनुभवाने सांगतो) आणि तीन ढीग करा. पहिला, आत काहीच नाही. दुसरा, रक्ताची रिंग किंवा डोळ्याचा काळा ठिपका एवढंच दिसतं. तिसरा, पिल्लू पूर्ण झालंय, पिसं आहेत, पण आतच मेलंय. तुमच्या ८३ अंड्यांचे हे तीन ढीग माझ्याकडे असते तर हे उत्तर निम्म्यात आटोपलं असतं. चांगल्या कळपात शंभर अंड्यांमागे ६५ ते ७५ पिल्लं निघतात. तुमची ३१ निघतायत. फरक कुठल्या ढिगात पडतोय त्यावर सगळं आहे. तुमच्या वर्णनावरून मला तिन्ही ढीग भरलेले वाटतात, म्हणून तिन्हींचं सांगतो.

पहिला ढीग नरांचा. २२ नर आणि ११८ माद्या म्हणजे एका नरामागे पाचाहून जास्त. कोंबड्याला दहा माद्या चालतात, बटेराला नाही. एकाला दोन किंवा फार तर तीन. पण म्हणून ४० नर पोसायची गरज नाही. तुम्हाला सगळ्या ११८ माद्यांची अंडी उबवायची आहेत का? नाही. मग ३६ माद्या निवडा, १० ते २५ आठवडे वयाच्या, भरल्या अंगाच्या, आणि त्यांना १२ नर द्या. एक फूट बाय एक फूट, दहा इंच उंच, असा पिंजरा केला की एक नर आणि तीन माद्यांचं कुटुंब नीट मावतं. उंची त्याहून जास्त नको. दचकला की बटेर सरळ वर उडतो आणि डोकं फोडून घेतो. बाकीच्या माद्या नराशिवाय ठेवा. त्यांची अंडी बाजारात जातील, नर नसल्यामुळे पाठीची पिसं उपटली जाणार नाहीत, आणि त्या शांत राहतील. ज्यांना फळलेलं अंडं खायचं नसतं असं गिऱ्हाईकही असतं, त्यांना हे आवर्जून सांगा.

नर कसा निवडायचा? छातीच्या विटकरी रंगावर किंवा ओरडण्यावर जाऊ नका. पाखरू हातात उलटं धरा. गुदद्वाराच्या वर एक गोलसर लालबुंद फुगवटा दिसतो. हळूच दाबला की पांढरा फेस येतो, दाढीच्या साबणासारखा. तो फेस बीजाबरोबर जातो आणि फळण्याला मदत करतो. फुगवटा टपोरा, फेस भरपूर, तो नर कामाचा. फुगवटा आकसलेला असेल तर नर नुसता खातोय. आणि इथे पुन्हा तुमचा बल्ब येतो : दिवस आखडला की हा फुगवटाही सुकतो. उजेड गेल्याने तुमच्या माद्याच थांबल्या नाहीत, नरही निम्मे निवृत्त झालेत. बल्ब सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, आज नापास झालेले काही पास होतील. सहा-सात महिन्यांवरचे नर मात्र उबवणीतून काढाच.

पायही बघा. माझ्याकडे एक नर होता, अंगाने पैलवान, फेसाला उत्तम, आणि त्याच्या पिंजऱ्यातलं एकही अंडं फळत नव्हतं. मी त्याला जीवनसत्त्वं पाजली, मादी बदलली, काय काय केलं. शेवटी एका पाहुण्याच्या पोराने विचारलं, याच्या पायात गोट्या का बांधल्यात? नखांभोवती विष्ठा वाळून तिचे दगडासारखे गोळे झाले होते. मादीच्या पाठीवर त्याला पाय रोवताच येत नव्हता. कोमट पाण्यात पाच मिनिटं पाय बुडवले, गोळे सुटले, आठ दिवसांत अंडी फळायला लागली. जीवनसत्त्वांचे पैसे गेले ते गेले. तुमच्या २२ जणांचे पाय उद्याच बघा.

नर बदलल्यावर किंवा नव्याने सोडल्यावर लगेच अंडी धरू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या. आणि पिल्लं नव्याच नराची हवी असतील तर दहा दिवस थांबा, कारण आधीच्याचं बीज मादीच्या पोटात आठवडाभर तरी टिकून असतं. प्रत्येक पिंजऱ्याच्या अंड्यावर शिसपेन्सिलीने नंबर घाला. शाईचं पेन नको, अंडं श्वास घेतं. महिन्याभरात कुठला नर रिकामा आहे ते वहीच सांगेल.

दुसरा ढीग, म्हणजे सुरुवातीलाच मेलेले जीव. यात तुमच्या फ्रिजचा हात आहे. उबवायचं अंडं १३ ते १६ अंश सेल्सिअसला ठेवायचं, सात दिवसांच्या आत मशिनमध्ये गेलं पाहिजे. फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात. शिवाय दरवाजा दिवसातून तीसदा उघडतो, दर वेळी अंड्याला गचका आणि गरम हवा. पंधरा दिवस असं झुलून त्यातून जीव उठत असेल तर तो चिवटच म्हणायचा. थंडीत तुमच्याकडे घरातला सर्वांत गार कोपरा पुरेल. उन्हाळ्याकडे झुकलं की ओल्या वाळूत माठ बसवा, त्यात कोरडा भुसा घालून टोकदार बाजू खाली ठेवून अंडी ठेवा, तोंडावर ओलं फडकं. अंडी धुऊ नका, फार घाण असेल ते अंडं बाजारालाही नको आणि मशिनलाही नको. आणि १२० भरायची वाट का पाहता? पाच-सहा दिवसांची ५० अंडी लावा, त्यातून तुम्हाला पंधरा दिवसांच्या १२० एवढीच पिल्लं मिळतील. एप्रिल-मेमध्ये मात्र उबवणीच बंद ठेवा. माणच्या उन्हाळ्यात फळीवर ठेवलेल्या अंड्यात जीव आपोआप अर्धामुर्धा वाढायला लागतो आणि मशिनमध्ये जायच्या आत दमून मरतो.

याच ढिगात तुमच्या दिरांचा मुद्दा येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. ६० पिल्लांपासून दोन वर्षं घरच्याघरी म्हणजे तुमच्याकडे चार-पाच पिढ्या झाल्या असणार, सगळी एकमेकांची चुलत-मावस, बरीचशी सख्खी. बटेर याबाबतीत कोंबडीपेक्षाही नाजूक. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मुद्दाम सख्ख्या भावा-बहिणींच्या जोड्या लावून पाहिल्या, तर दोन-तीन पिढ्यांतच वंश संपत गेले. आधी अंडी फळायची कमी होतात, मग अंड्यात जीव मरतात, मग निघालेली पिल्लं मरतात. तुम्ही दुसऱ्या पायरीवर उभ्या आहात असं मला वाटतं.

पण शिवारातली लाव्हरी? अजिबात नाही. एक तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती पकडणं गुन्हा आहे, भावजींना तसं स्पष्ट सांगा. दुसरं म्हणजे पावसाळ्यात आपल्या माळावर ओरडणारी लाव्हरी ही वेगळी जात. आपला बटेर जपानी, १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला आणि तिथून देशभर पसरला. रानातल्या पाखराला पिंजऱ्यात कोंडलं तर ते डोकं आपटून मरेल, आणि मरायच्या आधी एखादा रोग देऊन जाईल.

नवं रक्त हवं तर नर विकत आणा, १५-२० पुरेत, तुमच्या पहिल्या पिल्लांच्या ठिकाणाहून नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातून. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या खोलीत. तेवढ्या दिवसांत आधी घरच्या पाखरांना खाद्य घालून शेवटी नव्या नरांना घाला, उलटं नको. पुढे पुन्हा हीच वेळ येऊ नये म्हणून १२ कुटुंबांचे चार-चारचे तीन वाडे करा. पहिल्या वाड्याचे नरपिल्लू मोठे झाले की दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. माद्या आपल्याच वाड्यात राहतात. ओळखायला पायाच्या नखांना नेलपॉलिश लावा, लाल, गुलाबी, निळी. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. सोयरीक जुळवताना गोत्र बघतो तसंच हे, फक्त इथे ते खरंच लागू पडतं.

तिसरा ढीग मशिनचा, इथे मी भराभर जातो कारण तुम्ही मशिनबद्दल काही लिहिलेलं नाही. पंख्याचं असेल तर ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्याशी एखादा अंश जास्त. मशिनच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, आत दुसरा थर्मामीटर ठेवा. पहिले १४ दिवस अंडी दिवसातून पाच-सहा वेळा फिरवा, मग हात लावू नका आणि पाण्याची ताटली मोठी करा, ओलावा ६० टक्क्यांवरून ७० वर गेला पाहिजे. १६ व्या दिवसानंतर झाकण उघडून "निघालं का" बघायची सवय असेल तर तिसरा ढीग तिथूनच भरतोय. दर वेळी वाफ बाहेर जाते आणि कवचाच्या आतला पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटतो.

उरल्या त्या म्हाताऱ्या माद्या. बटेर सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो, तीन महिन्यांच्या आत ऐन भरात असतो आणि आठ-नऊ महिन्यांनंतर उतरायला लागतो. तुमच्या ११८ मध्ये दीड वर्षाच्या किती? बल्ब आणि खाद्य सुधारून महिना गेल्यावर ज्या पिंजऱ्यातून अंडं येत नाही, त्या माद्या विकून टाका. आज मात्र एकही विकू नका. अंधारात बसलेली तरुण मादी आणि थकलेली म्हातारी, आत्ता दोघींचीही अंडी शून्यच दिसणार.

थंडीसाठी पडवीला गोणपाटं बांधली असतील तर पहाटे आत जाऊन पाहा. डोळे चुरचुरले तर वरची वीतभर फट मोकळी करा, पाखरांना थंडीपेक्षा तो वास जास्त बाधतो. आणि सासूबाईंना लिंबू-मिरची बांधायची असेल तर खुशाल बांधू द्या, फक्त बल्बासमोर नको. दहा अंड्यांचा आणि तीन ढिगांचा आकडा तेवढा पोस्टकार्डावर कळवा.